फायटरला सोबती द्यायचे असतील तर टँक सोबत्यांच्या हिशोबाने लावा

सिडकोतल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलाच्या वाढदिवसाला काचेच्या बाऊलमध्ये एक निळा फायटर, म्हणजे बेट्टा, भेट आला. मासा खातोपितो, ठणठणीत आहे. आता दीड फुटी टँक घ्यायचा विचार आहे आणि तो एकटा राहू नये अशी मुलाची इच्छा आहे. दुकानात चार गप्पी, एक सकर आणि एक फायटर मादी सुचवली. हे चालेल का? आणि नाशिकच्या हवापाण्यात टँक नीट लावायचा कसा?

टँक जरूर घ्या. सुचवलेल्यांपैकी मात्र एकही मासा आणू नका. सोबती देता येतात आणि छान राहतात, पण ते कोण असावेत हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी पाणी तयार व्हायला हवं.

बेट्टाच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्या जोरावर हा मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेतो. बाऊलसमोर जरा वेळ बसलात तर दिसेल: तो सावकाश वर येतो, तोंड टेकवतो, एक बारीकसा बुडबुडा सुटतो आणि परत खाली जातो. थायलंडमधली भातखाचरं, पाणथळ जागा, गवताने भरलेले उथळ चर हे त्याचं मूळ घर. तिथलं पाणी कोमट असतं आणि त्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून तो बाऊलमध्येही महिनोन्‌महिने तग धरतो आणि लोकांना वाटतं की याला काही लागतच नाही. खरं तर साचलेल्या घाणीतला अमोनिया त्याचेही कल्ले जाळत असतो, फक्त ते लवकर दिसत नाही. टेट्रा किंवा रास्बोरा या थव्याने राहणाऱ्या छोट्या माशांना ही सोय नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला किंवा अमोनिया वाढला की आधी ते जातात. म्हणून सोबत्यांसह टँक लावायचा असेल तर मोजमाप सोबत्यांच्या गरजेचं धरायचं. त्यात बेट्टाचं भलं आपोआप होतं.

दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा टँक काठोकाठ भरला तर साधारण 42 लिटर पाणी मावतं. तळाची वाळू आणि वर सोडायची जागा धरली तर हातात 32 ते 34 लिटर उरतात. एवढ्यात बेट्टा आणि एकच छोटा थवा बसतो. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर दोन फुटी घ्या, कारण पाणी जितकं जास्त तितक्या तुमच्या चुका ते पोटात घालतं. उंच टँकपेक्षा लांब आणि बुटका बरा. लांब शेपटीच्या बेट्टाला दर थोड्या वेळाने वर यावं लागतं, उंच टँकमध्ये तो दमतो. पाणी, वाळू आणि काच मिळून दीड फुटी टँकचं वजन पन्नास किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीच्या प्लायवूडच्या कपाटावर ठेवू नका. खाली थर्माकोलची शीट घाला. खिडकीतून थेट ऊन येईल अशी जागा टाळा. आणि झाकण हवंच. बेट्टा उडी मारतो, तीही चांगली लांब.

आता हीटर. इथे माझा आग्रह आहे, कारण नाशिकमध्ये बेट्टा जास्त करून याच एका गोष्टीमुळे आजारी पडलेले मी पाहिले आहेत. त्याला 25 ते 28 अंश तापमान लागतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. घरात तेवढं गार नसलं तरी बाऊलचं पाणी सहज 17-18 अंशांवर येतं. मग मासा तळाशी किंवा पानाआड पडून राहतो, खात नाही, खाल्लेलं पचत नाही, पोट फुगतं, पंख आखडून घेतो. घरचे समजतात आजार झाला आणि निळं-पिवळं औषध ओततात. त्याला थंडी वाजत असते. दीड फुटी टँकला थर्मोस्टॅटचा 50 वॉटचा हीटर पुरतो. तो 26 वर लावा. हीटरवर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, विरुद्ध कोपऱ्यात वेगळा थर्मामीटर लावा. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर तापलेली नळी उघडी पडून तडकते.

मे महिन्यात उलटी अडचण. दुपारी पाणी 31-32 अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो. बेट्टा निभावून नेतो, टेट्रा वरच्या थरात येऊन धापा टाकू लागतात. तेव्हा झाकणाला फट ठेवा, पृष्ठभागावर टेबल फॅनचा हलका वारा सोडा, एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान एकदम पडतं.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या. स्वस्त आहे, प्रवाह हळू असतो, छोटे मासे ओढले जात नाहीत. दुकानात टँकच्या वर बसवायचा जोरदार फिल्टर दाखवतील, त्या झोतात लांब शेपटीचा बेट्टा दिवसभर वाहत राहतो आणि पंख फाटतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात आणि तिथून बोर्डात येतं. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज दोन-तीन तास जातेच. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या.

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नाशिकमध्ये घरागणिक पाणी वेगळं असतं. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, काही भागात मुकणेचं. ते माशांना चांगलं मानवतं, पण त्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की मात्रा वाढते, नळ उघडल्याबरोबर वास येतो. अँटी-क्लोरीनचे थेंब प्रमाणात घाला, किंवा पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा. थेंब जास्त खात्रीचे. बोअरचं पाणी आपल्या काळ्या दगडातून येतं आणि बहुतेक ठिकाणी जड असतं. दुकानात वाढलेला बेट्टा बेताचं जड पाणी सोसतो, तेव्हा सामू, म्हणजे पीएच, सातवर आणण्याच्या नादात पावडरी टाकत बसू नका. रोज बदलणाऱ्या पाण्यापेक्षा थोडं जास्त सामूचं पण स्थिर पाणी केव्हाही बरं. फार जड असेल तर निम्मं नळाचं किंवा आरओचं मिसळा. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात क्षार जवळपास नसतातच आणि सामू केव्हा कोसळेल सांगता येत नाही.

गच्चीवरच्या काळ्या टाकीकडेही लक्ष असू द्या. मे महिन्यात दुपारी त्यातलं पाणी हाताला चटका देतं आणि जानेवारीत सकाळी सातला बर्फासारखं गार असतं. पाणी बदलताना बादलीत थर्मामीटर बुडवा, टँकशी एका अंशाच्या आत जुळवा, मगच ओता. हिवाळ्यात थोडं गरम पाणी मिसळावं लागतं.

ओझर, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यातून कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी खास. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. गोगलगायी आणि झिंग्यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मारतं, माशांनाही ते सोसत नाही. बागेलगतच्या विहिरीचं पाणी टँकला वापरू नका. फवारणीची बादली टँकसाठी घेऊ नका, धुतली असली तरी. फवारणीहून आलेला हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने साबण काढून मगच टँकमध्ये घाला.

शहरात याच्या जागी डासांची औषधं आहेत. मच्छर मारायची मशीन, कॉइल, स्प्रे यांत बहुतेक पायरेथ्रॉइड असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, माशांना ते जबर विषारी आहे. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे खोलीत जे उडवाल ते पाण्यात जातं. टँकच्या खोलीत मशीन लावू नका, मच्छरदाणी वापरा. पावसाळ्यात महापालिकेची धुराची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावा, टँकवर ओला टॉवेल टाका आणि धूर विरेपर्यंत पंप बंद ठेवा. कारण सापडत नाही असे एका रात्रीतले मृत्यू होतात, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो: काल खोलीत काय फवारलंत?

तळाला बारीक, गोलसर कणांची वाळू दोन-तीन सेंटिमीटर घाला. बांधकामाची काळी कच टाळा, तिच्या धारेने कोरीसारख्या तळाच्या माशांच्या मिशा झिजतात. गोदावरीच्या पात्रातले गुळगुळीत काळे दगड चालतात, उकळून घ्या. दगडावर व्हिनेगर टाकून फेस आला तर त्यात चुना आहे, तो नको. झाडांमध्ये जावा फर्न आणि अनुबिया सगळ्यात सोपी, दोऱ्याने दगडाला बांधायची, मुळाजवळचं जाड खोड वाळूत पुरायचं नाही, ते कुजतं. वर तरंगायला वॉटर स्प्राइट. मनी प्लांटची फांदी नुसती मुळं पाण्यात राहतील अशी लटकवली तरी ती नायट्रेट शोषून घेते. देशी बदामाची झाडं आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांत भरपूर आहेत. हिवाळ्यात लाल होऊन गळलेलं, वाळलेलं पान घ्या, धुवा, गरम पाण्यातून काढा आणि टाका. पाणी फिक्या चहासारखं होतं, त्यातली टॅनिन द्रव्यं बुरशीला थोडा आळा घालतात आणि बेट्टाला ते मूळ घराच्या पाण्याजवळचं वाटतं. धुळीच्या हमरस्त्यावरचं किंवा औषध मारलेल्या झाडाचं पान नको.

आता जिथे सगळ्यांची घाई होते ती पायरी. टँक भरला, फिल्टर लावला, संध्याकाळी मासे सोडले, आठवड्यात एकेक उलटा. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बेताने असलं तर चालतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर वस्ती करतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. टँकवाले याला सायकलिंग म्हणतात. मासे न घालता रोज चिमूटभर खाणं टाका, फिल्टर आणि हीटर चालू ठेवा. थंड पाण्यात जिवाणू फार हळू वाढतात, म्हणून हीटर या काळातही हवा. थेंबांची टेस्ट किट घ्या, पट्ट्या नकोत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. ओळखीच्या कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यातला वापरलेला स्पंज मागून आणा, वेळ बराच वाचतो. तोवर बेट्टा बाऊलमध्येच राहील. त्याचं निम्मं पाणी एक दिवसाआड बदला आणि बाऊल उबदार जागी ठेवा.

स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, एवढंच. नळाचं क्लोरीन ती वस्ती मारतं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी ओतून टँक घासून-पुसून लख्ख करायची दिवाळीची पद्धत इथे नको.

आता सोबती. गप्पी का नकोत? नर गप्पीची रंगीत फडफडती शेपटी बेट्टाला दुसऱ्या बेट्टाची वाटते. कधी बेट्टा त्यांना फाडतो, कधी चार गप्पी मिळून बेट्टाची शेपटी कुरतडतात, आणि पिल्लं होत राहतात ते वेगळंच. फायटर मादी नराबरोबर कायमची राहू शकत नाही. जोडी फक्त अंड्यांपुरती एकत्र आणतात, नंतर नर तिला हाकलतो आणि छोट्या टँकमध्ये तिला पळायला जागा नसते. सकर दोन इंचांचा असताना गोजिरा दिसतो आणि काचेवरचं शेवाळ खातो म्हणून विकला जातो. तो वाढून फूटभराचा होतो, घाणही तेवढीच करतो. मग लोक तो गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, नेऊन सोडतात. कृपा करून असं करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आपल्या देशात कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या जागेवर, अन्नावर हक्क सांगतो. टायगर बार्ब, एंजल, गुरामी, गोल्डफिश यांचीही नावं यादीतून काढा. झेब्रा लोच आपल्या सह्याद्रीतला, देखणा, पण तो मोठा होतो, थव्याने राहतो आणि जंगलात धोक्यात आलेला आहे. दीड फुटीत त्याचं काम नाही.

तुमच्या दीड फुटीसाठी माझी निवड: सहा ते आठ एम्बर टेट्रा आणि एक नेराइट गोगलगाय. एम्बर दोन सेंटिमीटरचे, केशरी, शांत, शेपटी छोटी, आणि बेट्टा अंगावर आला तरी झटकन निसटतात. थवा सहाच्या खाली नेऊ नका, दोन-तीनच असले की घाबरून कोपऱ्यात बसतात. तळाचे मासे हवे असतील तर टेट्राऐवजी सहा पिग्मी कोरी. दोन्ही थवे एकत्र मात्र दीड फुटीत नकोत. नेराइट काच साफ ठेवते. ती पांढरे ठिपके चिकटवते, ती अंडी, पण गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत, म्हणून गोगलगायींचा सुळसुळाट होत नाही. चेरी झिंगे टाकायचे तर जावा मॉसची दाट झुडपं हवीत आणि काही झिंगे बेट्टाच्या पोटात जाणार हे मान्य असायला हवं. दोन फुटी टँक घेतलात तर आठ हार्लेक्विन रास्बोरा किंवा पाच-सहा कुहली लोच. कुहली दिवसा दिसत नाहीत, मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

दुकानातून आणलेले मासे सरळ टँकमध्ये नकोत. दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, त्यालाही छोटा स्पंज आणि गरज असेल तर हीटर. अंगावर साखरेच्या कणांसारखे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. टॉर्च मारल्यावर सोनेरी पावडर लावल्यासारखं चमकलं तर व्हेल्वेट. औषध टबातच करा. या आजारांच्या काही औषधांत तांबं असतं, ते टँकमध्ये पडलं की गोगलगाय गेली.

सोडताना आधी सोबती, मग बेट्टा. आठवडाभर टेट्रांना जागा ओळखू द्या. बेट्टा आधी आला तर सगळा टँक आपला असं धरून बसतो. त्याला दिवा मालवून संध्याकाळी सोडा. पहिल्या तासात समोर बसा. तो कल्ले फुगवेल, टेट्रांवर धावेल, त्यांना वळवून परत येईल. हे ठीक आहे. एकाच माशाच्या मागे सतत लागणं, शेपटीचे तुकडे, टेट्रा दिवसभर फिल्टरमागे दडून राहणं, ही लक्षणं दोन-तीन दिवसांनीही राहिली तर बेट्टाला काढा, दगड-झाडांची जागा बदला आणि आठवड्याने पुन्हा एकदा सोडून पाहा. आखूड शेपटीचा प्लाकाट चपळ आणि जास्त आक्रमक, लांब शेपटीचा हाफमून संथ आणि स्वतःच कुरतडला जाण्याची भीती जास्त. तुमचा निळा फोटोत लांब शेपटीचा दिसतो, म्हणजे नजर त्याच्या पंखांवरही ठेवा.

खाण्यात हात आखडता ठेवा. बेट्टाला सकाळी दोन-तीन दाणे, संध्याकाळी तेवढेच, आठवड्यातून एक दिवस उपास. तो काचेला नाक लावून मागत राहील, मुलगाही त्याची वकिली करेल. टेट्रांना बारीक चुरा टँकच्या दुसऱ्या टोकाला टाका, बेट्टा त्याच्या दाण्यांत गुंतलेला असतानाच. कोरी असतील तर बुडणारी गोळी दिवा मालवल्यावर, नाहीतर बेट्टा ती खाली जाण्याआधीच तोंडात धरतो आणि दुसऱ्या दिवशी पोट टम्म. चार दिवस गावाला जाणार असाल तर काहीही न टाकता जा, मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका, एकेका वेळचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्या.

आणि एक तयारी मनाची. काही बेट्टा कोणालाच सोसत नाहीत, जागा कितीही मोठी असो. म्हणून टेट्रांचा टब टँक लावल्यावर मोडून टाकू नका. निळ्याने ऐकलंच नाही तर टेट्रा टबात परत, आणि दीड फुटी टँक त्याचा एकट्याचा, गोगलगायीसह. 30 लिटर उबदार पाण्यात, झाडांत फिरणारा एकटा बेट्टा उदास नसतो. तो कोपरे तपासतो, पानावर आडवा होऊन विसावतो, पृष्ठभागावर फेसाचं घरटं बांधतो. मुलाला ते घरटं दाखवा, नर हे पिल्लांसाठी बांधतो हेही सांगा, आणि टेट्रांसाठी दुसरा टँक पुढच्या वाढदिवसाला बघता येईल.